तांब्या खाली ठेवा, आबा

बातमीत मयताचं नाव पहिल्या वाक्यात येतं. आमच्या घरी जो खून झाला त्यातल्या मयताला नावच नव्हतं. ती माझ्या वहिनीची अट होती. कुठलंही नाव घेतलं तरी निरवांगीपासून लासुर्ण्यापर्यंत त्या नावाचा कुणीतरी पाहुणा निघणारच, आणि आपल्या तोंडाने जिवंत माणूस मारायचा नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून तो फक्त 'गुऱ्हाळाचा मालक' राहिला.

वहिनीच्या आणखी दोन हरकती होत्या. जेवणात विष नको, कारण स्वयंपाक ती करणार होती. विहिरीत ढकलणं नको, कारण मळ्यात विहीर आहे आणि पाणी धरायला रात्री तिकडे जावं लागतं. शेवटी ट्रॅक्टरचा जॅक फिरवायची लोखंडी टॉमी चालेल, असं ठरलं. मालक संध्याकाळी आपल्याच ओसरीवर डोक्यात टॉमी बसून मेला. जेवायला बसलेल्यांपैकी एकाने ती मारली. कोणी, ते जेवण संपायच्या आत शोधायचं.

कल्पना माझ्या भाचीची, म्हणजे भावाच्या मुलीची होती. फौजदार व्हायचं म्हणून ती बारामतीत माझ्याकडे राहून अभ्यास करत होती. लेखी परीक्षा आणि मैदानी चाचणी तिने आदल्या वर्षीही पार केली होती. अडली ती मुलाखतीत. मंडळातल्या एका वयस्कर सदस्याने तिच्या उत्तरावर नुसतं "नक्की?" असं विचारलं. उत्तर बरोबर होतं. तिने ते मागे घेतलं. पुढच्या उत्तरावर पुन्हा "नक्की?" आलं. तेही तिने मागे घेतलं. बाहेर येऊन तिने फोन केला आणि एवढंच सांगितलं, "आत्या, ते आबांसारखे दिसत होते."

आबा म्हणजे माझे वडील, तिचे आजोबा. यंदा पुन्हा परीक्षेला बसायची परवानगी त्यांनीच दिली, पण त्याबरोबर निकालही देऊन टाकला. "ही शेवटची. न्हाय झालं तर पुढच्या दिवाळीच्या आत लगीन."

आमच्या घरात विषय कधी संपतो ते आबांच्या तांब्यावरून कळतं. जेवण झालं की ते ताटातच हात धुतात. ताटात पाणी पडलं की बोलणं बंद. ठिबक बसवायचं की नाही, माझे चुलते तात्या यांनी वेगळं घर बांधायचं की नाही, मी पुण्याला वर्तमानपत्रात नोकरीला जायचं की नाही, हे सगळे विषय त्या पाण्यात संपलेले आहेत. काही पुढे पुन्हा निघाले. काही निघाले नाहीत. शेवटच्या परीक्षेचा विषयही असाच संपला होता.

यंदाची लेखी आणि मैदानी झाली. मुलाखत महिन्यावर आली. क्लासमध्ये सरावाच्या मुलाखती होत्या आणि त्यांत ती उत्तम बोलत होती. मी तसं म्हटल्यावर तिने मान हलवली.

"परक्यांची मला भीती वाटत नाही. सराव करायचा तर आबांवरच करायला पाहिजे."

तिच्या एका मैत्रिणीने पुण्यात वाढदिवसाला असं खुनाचं जेवण दिलं होतं. प्रत्येकाला चिठ्ठी मिळते. तिच्यावर आपण कोण आणि काय सांगायचं ते लिहिलेलं असतं. एक जण खुनी, बाकीचे संशयित. आमच्या जेवणात तपास करणारी भाची स्वतः. मी बरीच वर्षं पोलीस ठाणी आणि कोर्टाच्या बातम्या केल्या होत्या, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. तिने एकच सूचना दिली. "सोपं करू नकोस."

खुन्याची चिठ्ठी मी आबांना दिली. हे तिला माहीत नव्हतं.

रविवारी दिवेलागणीला भाऊ, वहिनी, आबा आणि आबांचे धाकटे भाऊ तात्या जीपमधून बारामतीला आले. वहिनीने दुपारीच शिजवलेलं मटण डब्यात बांधून आणलं होतं. भाकरी तिने आल्यावर माझ्या ओट्यावर थापल्या.

"खुनाचा खेळ? आन् तो बी घरात?" आबांनी टोपी काढता काढता विचारलं.

"रोज सांच्याला टीव्हीवर दोन खून बघितल्याबिगर तुमच्या नरड्याखाली घास उतरत न्हाय," तात्या म्हणाले. "हितं एकच हाय. घ्या गोड मानून."

आबा खुर्चीवर बसून जेवत नाहीत, म्हणून सगळे खाली बसलो. वहिनी वाढायला उभी राहिली.

"आई, तू मयताची बायको आहेस," भाची म्हणाली. "संशयितांनी उभं राहून वाढायचं नाही. बस." वहिनीने आबांकडे पाहिलं. आबा भाकरी मोडत होते. ती भिंतीला टेकून बसली.

आबा मयताचे थोरले भाऊ होते. तात्या गुळव्या, काहिलीवर गूळ शिजवणारा. भाऊ ट्रॅक्टरचा चालक आणि मी शेजारीण. सुरुवातीला मी घटनेची माहिती वाचून दाखवली: मालक दिवस मावळायच्या सुमाराला मेला, टॉमी ओसरीखाली सापडली, त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती.

भाचीने आईपासून सुरुवात केली. वहिनी मालकाबद्दल चार वाक्यं बोलली आणि रस्सा वाढून घेऊ लागली.

"नवरा ओसरीवर पडलाय आन् ही रस्सा वरपतीया," तात्या म्हणाले.

"तात्या, तो जिता असता तर मला आत्ता त्याच्या भाकरी थापाय लागल्या असत्या," वहिनी म्हणाली. "आज पयल्यांदा गरम जेवतीया. जेवू द्या."

तात्यांनी आपण काहिलीपाशी होतो असं सांगितलं. भावाने टॉमी आपल्याच ट्रॅक्टरची असल्याचं कबूल केलं, पण आपण कारखान्यावर उसाच्या रांगेत होतो असंही सांगितलं. मग आबांची पाळी आली.

"त्या टायमाला मी मळ्यात हुतो," आबा चिठ्ठीप्रमाणे म्हणाले. "हिरीवरची मोटार चालू कराय गेलो हुतो."

वहिनीचा हात थांबला. भाऊ वाटीत पाहू लागला. तात्यांना खोकला आला.

चूक माझी होती. लाईट रात्रीची, म्हणजे दिवस मावळताना मोटार चालूच होणार नाही, हा धागा मी बातमीत लपवल्यासारखा लपवला होता. पुण्यातल्या वाचकापासून तो लपला असता. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, आणि घराची झोप त्यावर ठरते. आबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते खोटं आहे हे सगळ्यांना कळलं होतं.

मग तात्यांनी घसा साफ केला.

"माझं काय म्हणणं हाय, झालं ते झालं. केस करून मालक माघारी येतोय व्हय?"

"घरातलं हाय," भाऊ म्हणाला. "घरातच मिटवावं."

"माझी काय बी तक्रार न्हाय," वहिनी म्हणाली. "पोरांना गुऱ्हाळावरनं कुणी उठवू नका, म्हंजी झालं."

"बघा. बायकूच राजी हाय. कशाला ठाण्याची पायरी चढायची?"

अशा बैठका मी गावोगावी पाहिल्या होत्या. खुनी कोण हे न ठरवता खून मिटवल्याची बैठक मात्र पहिलीच. आबांनी समाधानाने सगळ्यांकडे पाहिलं. "शाणी माणसं हायती," ते म्हणाले, आणि त्यांनी तांब्या उचलला.

भाची काहीतरी बोलली. शेजारी बसलेल्या मलाही ते ऐकू आलं नाही.

"काय?" आबांनी विचारलं.

तिची नजर खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आबांनी तांब्या तिरका केला. पाणी काठाशी आलं.

"तांब्या खाली ठेवा, आबा. तुमचा जबाब पुरा व्हायचाय."

"ए," भाऊ म्हणाला. "कुणाशी बोलतीयास?"

"मयताच्या थोरल्या भावाशी. पप्पा, तुमचा जबाब झालाय. मध्ये बोलू नका."

आबांचा हात तसाच होता. त्यांच्या चिठ्ठीवर मी शेवटी एक ओळ घातली होती: तपासात अडवलं तर फक्त एकदा 'नक्की?' असं विचारा. ती ओळ ते विसरले असते तरी चाललं असतं. ते विसरले नाहीत.

"नक्की?" त्यांनी विचारलं. शेतातल्या गड्याला विचारावं तसं, आवाज न चढवता.

तिने मान वर केली.

"नक्की. लाईट रात्रीची होती. दिवस मावळताना मोटार चालू होत नाही. तुम्ही मळ्यात नव्हता. तुम्ही ओसरीवर होता."

"आन् ही समदी मिटवा म्हणत्यात, त्याचं काय?"

"त्यांनी मिटवावं. मला लिहून घ्यावं लागेल."

आबांनी तांब्या खाली ठेवला. डाव्या हाताने बंडीच्या खिशातली चिठ्ठी काढली आणि तिच्या ताटाशेजारी सरकवली. तिने ती वाचली, घडी घातली आणि सगळ्यांना सांगितलं, "खून यांनी केलाय."

"आता कुठं मिटत आलं हुतं," तात्या म्हणाले. "पोरीनं बसल्या पंगतीत भाव आत घातला माझा."

"तू गुळव्या हायस," आबा म्हणाले. "भाव मयताचा." मग उजव्या हाताची बोटं त्यांनी एकमेकांवर घासली. रस्सा वाळला होता. त्यांनी नातीकडे पाहिलं.

"धुवू का आता?"

"धुवा," ती म्हणाली.

मुलाखत ठरल्या दिवशी झाली. बाहेर आल्यावर तिने फोन केला तो मला नाही, आबांना. पुढचं वहिनीकडून कळलं, कारण आबा फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात.

"इचारलं का, नक्की म्हणून?"

"दोनदा."

"मग?"

"दोन्ही वेळेला मी 'नक्की'च म्हणाले. एक उत्तर चुकलंही असेल, आबा."

"आसूदे," आबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

निकाल अजून लागायचा आहे. त्याच संध्याकाळी जेवताना भावाने पुढच्या दिवाळीचा विषय काढला. एक स्थळ चांगलं आहे, वरकुट्याचं आहे, असं तो सांगू लागला. वहिनी म्हणते, आबांच्या ताटात अजून अर्धी भाकरी होती. त्यांनी तांब्या उचलला आणि ताटात हात धुतला.