बाबांचा टाका आणि घरातल्या पेट्या

आम्ही संत्रेवाले, म्हणून आम्हाला धड संत्रं खायला मिळत नसे. नरखेडकडच्या आमच्या बागेतला चांगला माल व्यापाऱ्याच्या गाडीत जायचा. गळलेली, किडकी फळं आमच्या वाट्याला. त्यावरच मी वाढलो, शिकलो आणि घराण्यातला पहिला पदवीधर झालो. (हे मी कुणी न विचारताही सांगतो!)

विहिरीतली मोटर एकट्यानं ओढून बाबांनी हर्निया ओढवून घेतला. नागपुरात ऑपरेशन झालं, मुक्काम माझ्याकडे. मागोमाग त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या आली आणि तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

"आंबट बंद, टाका पिकते! डाळ बंद, वात होते! अंडं तं गरम पडते!"

"मग खायचं काय?"

"पेज!"

"आत्या, डॉक्टरांनी सगळं खायला सांगितलंय!"

"पोट का डॉक्टरीनबाईचं फाडलं?"

हे विद्यापीठात शिकवत नाहीत. मी चरफडत बाबांना पेज वाढली!

गावाहून येणारा प्रत्येक पाहुणा संत्र्याची पेटी आणायचा. "कसं हाय भाऊ?" विचारायचा, आणि बाबांच्याच खाटेवर बसून तीच संत्री सोलून खायचा! बाबा नुसत्या वासावर. माझं डोकं असं तापायचं की त्यावर पेज शिजली असती.

तपासणीला गेलो तर टाक्यांची एक बाजू अजून ओलीच. डॉक्टरीणबाई माझ्यावरच कडाडल्या. "पेजेनं जखम भरते का? नवं मांस तयार व्हायला डाळ, अंडी, दूध लागतं. ते घट्ट धरायला व्हिटॅमिन सी लागतं. असंच चाललं तर पुढच्या बहारातल्या संत्र्यांच्या तोडीला बागेत पाय ठेवू देणार नाही!"

बाबांचा चेहरा पडला. तोडीला ते बागेत नाहीत, असं कधी झालंच नव्हतं.

मी संतापून तडक सदर बाजारातल्या औषधाच्या दुकानात गेलो, व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची महागडी डबी आणली आणि आत्यासमोर आपटली.

"हे औषध आहे! आता मधे बोलायचं नाही!"

"औषधाले म्या कधी नाही म्हटलं?" म्हणत तिनं एक गोळी तोंडात टाकली. (स्वतः चाखल्याशिवाय ती भावाला काही देत नाही.) चघळली. थांबली.

"काहून गा, हे तं संत्रं हाय!"

"चव संत्र्याची आहे. पण व्हिटॅमिन..."

"मंग घरात पेट्या सडून राहिल्या, त्या कायच्या हाय?"

बाबा पोट धरून हसू लागले. "हसवू नोका गा, टाके तुटते!"

आत्यानं स्वतः संत्रं सोलून त्यांना भरवलं आणि वर मलाच झापलं, "बापाले उपाशी ठेवते! शिकला कायले?"

मी! मी उपाशी ठेवलं!

मग संत्री आली, घट्ट वरण आलं, आणि आत्यानं तोंड फिरवून अंडीही उकडली. जखम भरली. तोडीला बाबा बागेत उभे होते, आणि आता चांगल्या मालाची पहिली पेटी आमच्या घरातच राहते.

डबी अजून माझ्या टेबलावर आहे. घराण्यातला पहिला पदवीधर मी. संत्र्याची चव दुकानातून विकत आणणाराही पहिला मीच!