व्हय म्हाराजा म्हणण्याआधी

कुडाळच्या दवाखान्यात न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टरांनी कापसाचा बोळा माझ्या उजव्या गालाला अलगद लावला आणि मी कळवळून खुर्चीतून उभीच राहिले.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "ट्रायजेमिनल न्यूराल्जिया दिसतोय. गोळ्या सुरू करू, एमआरआय काढू."

शेजारी बसलेले माझे बाबा लगेच म्हणाले, "व्हय."

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकजण मागणं सांगतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. वाडीत बाबांचा "व्हय म्हाराजा" सर्वांत खणखणीत. सारा जन्म मासेमारीत गेला, शाळेचं तोंड फारसं पाहिलं नाही. साहेब, वकील, डॉक्टर, कोणीही समोर असलं की त्यांच्या तोंडून तोच "व्हय" निघतो, फक्त हळू आवाजात.

मी मात्र विचारलं, "म्हणजे नेमकं काय?"

डॉक्टरांनी समजावलं. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी एक नस असते. तिच्या तीन फांद्या, कपाळाला, गालाला आणि खालच्या जबड्याला. मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेला घासत राहिली की तिचं आवरण झिजतं. मग साधा स्पर्शही कळ बनून येतो.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "गो बाय, डॉक्टराक कोण असा इचारता? तेंका राग इलो तर?"

"माझा गाल आसा, बाबा. तेंचो नाय."

तोवर माझी एक दाढ काढून झाली होती. दुखणं जबड्यात, म्हणून मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. दाढ गेली, दुखणं जागच्या जागी. म्हणून तुम्हाला सांगते, नुसतं "दाढ दुखते" म्हणू नका. कळ कशी येते, किती टिकते, कशाने सुटते, सगळं सांगा. माझी कळ विजेसारखी यायची आणि क्षणात जायची. दात घासताना, घास चावताना, बोलताना. बाबांनी एकदा विचारलं होतं, "शिंगाळ्यान काटो मारलेल्यासारख्या?" अगदी तसंच. पण शिंगाळा मासा एकदा काटा मारून गप्प बसतो.

मी देवबागला शिक्षिका आहे. तिथे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. वारा कुठूनही येतो. ओढणीने गाल झाकून मी वर्गात जायचे आणि तिसऱ्या वाक्याला थांबायचे. कोणी म्हणालं, रजा घ्या. कोणी म्हणालं, नोकरी सोडा, नवरा जहाजावर चांगला कमावतो. एक शेजारीण म्हणाली, "बोलूचाच नाय, म्हंजे झाला."

बोलायचंच नाही! आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. बाबांनी मला शिकवलं ते गप्प बसायला नव्हे. या दुखण्याला माझं तोंड बंद करायचं होतं आणि मला ते मान्य नव्हतं.

गोळ्या होत्या कार्बामाझेपिनच्या. मूळ औषध फिट्सचं, पण चिडलेल्या नसेलाही शांत करणारं. सुरुवातीला फार बरं वाटलं. मग मात्रा वाढत गेली तशी झोप, चक्कर सुरू झाली. रक्ततपासणीत सोडियम, म्हणजे शरीरातलं मीठ, कमी निघालं. फळ्यावर लिहिता लिहिता मी शब्द विसरायला लागले. डॉक्टरांनी दुसरी गोळी देऊन पाहिली. तिनेही फार काळ निभावलं नाही. एमआरआयमध्ये नसेला चिकटलेली रक्तवाहिनी स्पष्ट दिसत होती. त्यांनी आम्हाला गोव्याला न्यूरोसर्जनकडे पाठवलं.

तिथल्या बाकावर बसून बाबांनी बजावलं, "भितर जावन वाद घालू नको. ते सांगतीत तां व्हय म्हण."

सर्जनांनी तीन वाटा सांगितल्या. रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे गालातून सुई नेऊन नसेचा भाग उष्णतेने निकामी करायचा. गॅमा नाइफ, नावात सुरी असली तरी कापाकापी नाही, फक्त किरण. गुण यायला काही आठवडे, कधी महिने. आणि मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन, म्हणजे कानामागे कवटीला छोटं भोक पाडून नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनची गादी ठेवायची.

"व्हय," बाबा म्हणाले. तिन्हींना.

मी विचारलं, "सुईने गाल बधिर होईल का?"

"होऊ शकतो. आतूनसुद्धा."

"मग माशाचा काटा रुतला तर कळणार नाही?"

सर्जन हसले. "मीही मासे खातो, म्हणून खरं सांगतो. दुसऱ्या बाजूने चावायची सवय करावी लागेल."

"आणि ऑपरेशनमध्ये?"

त्यांनी काही लपवलं नाही. त्या बाजूचं ऐकू येणं कमी होऊ शकतं. क्वचित त्याहून गंभीर काही. आराम बहुधा जास्त काळ टिकतो, पण दुखणं परतणारच नाही असं नाही. मी सगळं ऐकलं, आणखी विचारलं आणि ऑपरेशन निवडलं. तुमची निवड वेगळी असेल. वय, तब्येत, एमआरआय, सगळं पाहावं लागतं. पण निवड तुमची असू द्या.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी जिभेने हिरड्या चाचपल्या. कळ आली नाही. पुन्हा चाचपल्या. डोकं ठणकत होतं, उलट्या होत होत्या, पण ती वीज गेली होती. मी रडले. गालावरून पाणी ओघळलं तरी दुखलं नाही, म्हणून आणखी रडले.

उजव्या कानाला आता कमी ऐकू येतं. वर्गात मी डावा कान मुलांकडे करून उभी राहते. देवबागच्या वाऱ्यात ओढणी खांद्यावरच असते. दुखणं परत आलं तर पुन्हा विचारीन, पुन्हा निवडीन. गप्प बसणार नाही. कुडाळचे डॉक्टर आणि गोव्याचे सर्जन यांचे उपकार मानते. माझ्या एकाही प्रश्नावर ते चिडले नाहीत.

परवा तपासणीला कुडाळला गेलो. डॉक्टर माझ्या उजव्या बाजूला उभे राहून, कागद चाळत म्हणाले, "गोळ्या आता टेपर करू."

मला ऐकूच आलं नाही. मी बाबांकडे पाहिलं. सवयीने त्यांच्या तोंडून "व्ह" निघाला. तो त्यांनी तिथेच धरला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वाडीतल्या गाऱ्हाण्याच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"डॉक्टरानु, व्हय म्हणाच्या आदी इचारतंय. टेपर म्हंजे काय?"