खिचडीबाई आणि गच्चीवरचं मीठ

आमच्या सातवीच्या बाईंना तासाची घंटा ऐकू येत नसे. एरवी कान इतके तिखट, की मागच्या बाकावर कुणी चिक्कीचा कागद सोडला तरी फळ्याकडे तोंड करूनच त्या नाव घेऊन हाक मारत. पण भूगोलाचा तास संपून गणिताचा सुरू झाला, हे त्यांच्या गावीही नसे. भरती-ओहोटीतून चंद्र निघायचा, चंद्रातून वर्तुळ, वर्तुळातून परीघ, आणि मधल्या सुट्टीत आमच्या लक्षात यायचं की आपलं गणित होऊन गेलं. 'खिचडीबाई' हे नाव वरच्या वर्गांकडून आम्हाला आयतंच मिळालं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, अशी माझी खात्री आहे.

हे कुठल्या वहीत लिहायचं, हा आमचा रोजचा प्रश्न. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "पुस्तकं वेगवेगळी छापतात, कारण एकच छापलं तर तुमची पाठ मोडेल. लिहा कुठेही." त्यामुळे माझ्या विज्ञानाच्या वहीत एक अख्खी कविता होती आणि इतिहासाच्या वहीत शतमानाची गणितं.

टेंभी नाक्याची दहीहंडी बघून दुसऱ्या दिवशी आम्ही बसलेल्या घशाने वर्गात आलो. शिकण्याचं कुणाचंच मन नव्हतं. बाईंनी फळ्यावर थर काढले. खाली किती, वर किती, एक थर वाढवायचा तर माणसं किती वाढवावी लागतील? मग खालच्यांनी एकमेकांचे खांदे का धरायचे? मग, सगळ्यात वर चढलेल्या मुलाच्या आईला खाली उभं राहून काय वाटलं असेल, ते लिहा. शाळा सुटली तरी आम्ही लिहीतच होतो. काय मजा यायची म्हणून सांगू! उद्या बाई काय काढतील, या उत्सुकतेने आम्ही तापातसुद्धा शाळेत जायचा हट्ट धरायचो.

आमची चैन होती, पण घरी वही उघडणाऱ्याच्या हाती काही लागत नसे. आमच्या घरी वही उघडणारी होती आई, आणि ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. चार पालकांना घेऊन ती मुख्याध्यापकांकडे गेली. अपूर्णांकांची पानं कोरी आहेत आणि बाई आता पोरांना गच्चीवर मीठ पिकवायला लावणार आहेत, अशी तिची तक्रार होती. सरांनी तोडगा काढला. शाळेच्या प्रदर्शनात सातवीने आपण काय शिकलो ते पालकांना दाखवायचं. त्यांचं समाधान झालं नाही, तर वर्ग दुसऱ्या शिक्षकांकडे जाईल. बाई आमच्या हातून जाणार आणि घालवणारी माझीच आई. वर्गात मान वर करायची चोरी आणि घरी आईशी धड बोलवेना.

प्रदर्शनात ते मीठच मांडायचं ठरलं; आता तेच आम्हाला तारणार होतं. वर्गातल्या एका मुलीचं घर पिढ्यानपिढ्या खाडीकाठचं. तिच्या वडिलांनी भरतीचं पाणी कॅनमध्ये भरून आणून दिलं. शनिवारी शाळा सुटताना आम्ही ते गच्चीवर पराती मांडून त्यांत ओतलं. मध्ये दोन दिवस सुट्टी होती, मंगळवारी प्रदर्शन. बाई खाली गेल्यावर आमच्या मॉनिटरच्या मनात आलं, की कबुतरं घाण करतील. बाईंची अब्रू कबुतरांच्या हाती कशी सोडायची? सगळ्यांना पटलं. आम्ही पोषण आहाराच्या पातेल्यांची झाकणं आणून परातींवर घट्ट बसवली. एका परातीला झाकण पुरलं नाही, ती नाइलाजाने उघडी राहिली.

मंगळवारी झाकणं उचलली तर पाणी जवळजवळ तसंच. मॉनिटर रडायलाच लागली. मला तर खाली जिन्यात आईच्या चपलांचा आवाज येतोय असे भास होऊ लागले. बाईंनी मात्र एक झाकण उलटं धरलं. आतून थेंबच थेंब होते. खाडीचं पाणी तोंडात घालायचं नाही, असं आम्हाला बजावून त्यांनी स्वतः त्यातला एक थेंब जिभेवर ठेवला. "अळणी," त्या म्हणाल्या, आणि लॉटरी लागल्यासारख्या हसल्या. "मीठ आलं असतं तर एकच गोष्ट कळली असती. आता बघा किती कळतात ते."

पालक आले. सगळ्यांत पुढे आई. "मीठ कुठाय?" तिने विचारलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी एकदा तोंड उघडलं आणि थांबलेच नाही. पाणी वाफ होऊन झाकणाला लागतं, मीठ खालीच राहतं, म्हणून थेंब अळणी. समुद्र खारट असून पाऊस गोडा पडतो तोही असाच. मग मी उघडी परात दाखवली. तिच्या कडेला करडं-पांढरं मीठ धरलं होतं.

"ह्यातलं पाणी गेलं किती?" आईने विचारलं. तिचा रोख मला कळला.

"वीस मिलिमीटर ओतलेलं, पाच उरलंय. म्हणजे तीन चतुर्थांश गेलं."

आईने वाकून बाजूचं झाकण बघितलं. मग एकदम हसायलाच लागली. "अगं, झाकण ठेवून कधी आटतं का काही? आमटी आटवताना झाकण काढतो ना आपण. मला विचारायचं तरी."

"तेच चुकलं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला विचारायला हवं होतं. शनिवारी याल?"

वर्ग बाईंकडेच राहिला. आई त्या शनिवारी खरंच आली, आणि मग येतच राहिली. घरी ती आता माझ्या वह्या तपासायला नाही, वाचायला उघडायची. भांडी आवरून झाली की माझा भूगोल घेऊन बसायची आणि मला उद्याच्या गृहपाठासाठी तो तिच्याकडे मागावा लागायचा.

ती बाईंची शेवटची सातवी होती, हे आम्हाला निरोप समारंभाची सूचना लागली तेव्हा कळलं. त्या कल्याणला मुलाकडे जाणार होत्या. समारंभात सरांनी पालकांपैकी कुणीतरी बोला म्हणून आग्रह केला. कुणी उठेना, तेव्हा आई उठली. सरांनी तिच्या हातात माइक दिला.

"माझी शाळा सहावीत सुटलेली," ती म्हणाली. "घरात माझ्या मुलीलासुद्धा माहीत नाही. सातवी मी ह्या वर्षी केली."

एवढंच बोलून तिने माइक सरांच्या हातात दिला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तिचे हात गार पडले होते. ते मी दोन्ही हातांत धरून ठेवले.