ताईला न मानवलेली गोळी

ताईचा उजवा गाल दुखायचा. दात घासताना, तोंड धुताना, कधी नुसती पंख्याची झुळूक लागली तरी डोक्यापर्यंत कळ जायची. दोन दाढा काढून झाल्या, कळ थांबेना. नवघरला ती माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायची, घरी साड्यांना फॉल-बीडिंग करायची. शेवटी नसांच्या डॉक्टरांनी गोळी दिली. म्हणाले, "दाढेचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे. रोज घ्या, मनाने बंद करू नका."

गोळी लागू पडली. चौथ्या दिवशी ताईने माझ्यासमोर भाकरी दोन्ही बाजूंनी चावून खाल्ली. तिच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला फिट्ससाठी हीच गोळी चालू होती. ती म्हणाली, "मैं तो शादी के पहले से खा रही हूँ, कुछ नहीं होता." आम्ही निर्धास्त झालो.

दोन आठवडे होत आले तेव्हा सकाळी ताईचा फोन आला. अंगात ताप, डोळे लाल, तोंड आतून सोलवटलेलं.

"गोळीमुळे असेल का गं?"

"छे, उष्णता आहे. सब्जा पी. गोळी चुकवू नकोस, नाहीतर कळ परत येईल."

तिने ऐकलं. मी धाकटी, पण एका दवाखान्यात केसपेपर काढते, म्हणून औषधपाण्याचं ती मलाच विचारायची.

तिसऱ्या दिवशी गेले, तर छातीवर, पाठीवर जांभळे चट्टे. उठवायला दंड धरला आणि माझ्या बोटांखाली तिची कातडी सुटून आली. ती ओरडलीही नाही.

हॉस्पिटलात तिला भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात ठेवलं. तिथल्या डॉक्टरबाईंना मी गोळ्यांचं पाकीट दाखवलं.

"शेवटची कधी घेतली?"

"काल."

"बहुतेकांना काही होत नाही हिने. एखाद्याला मानवत नाही, मग असं होतं. अंगावर काही उठलं, तोंड आलं की त्याच दिवशी बंद करून दाखवायला यायचं असतं. कुणी सांगितलं नव्हतं?"

मी मान हलवली. कुणीच सांगितलं नव्हतं. पण ताईने मला विचारलं होतं.

ती वाचली. नवी कातडी आली, डागाडागांची. डोळे मात्र गेल्यातच जमा आहेत. पापण्या आतून चिकटल्या, डोळ्यांतलं पाणी आटलं. उजेड सोसत नाही, समोर कुणी आलं तर सावली तेवढी कळते. शिलाई मशीन तिची जाऊ घेऊन गेली.

एकदा तिच्या डोळ्यांत थेंब घालताना मी म्हणाले, "मीच सांगितलं गं तुला, गोळी चुकवू नकोस म्हणून."

"हो," ती म्हणाली. मग दुसऱ्या डोळ्यात थेंब घालायला तिने मान वळवली.

गेल्या महिन्यापासून गालाची कळ परत सुरू झालीय. नसांचे डॉक्टर म्हणतात, दुसरी गोळी देऊन बघू, पण मानवेलच अशी खात्री देत नाहीत. चिठ्ठी आणून ठेवलीय, औषध आणलेलं नाही. ताईला सांगितलं, तर तिने विचारलं, "घेऊ का? तू सांग."

सध्या मी तिला पेज करून देते. ती चावावी लागत नाही.