तापली माती

कुंदा गेल्याचं कळलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. फोनवर तिचा भाचा होता. “मौसी, बुआ नहीं रहीं,” एवढंच म्हणाला. त्यांच्या घरातली पोरं मराठी सगळी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात, आणि कुंदा त्यावरून त्यांची रोज खरडपट्टी काढायची. मी गॅस बंद केला, कणकेवर ताट झाकलं, साडी बदलली आणि गुढ़ियारीला तिच्या घरी निघाले. रडू आलं ते नंतर, नवा रायपूरच्या ऑफिसात, हजेरीच्या मशीनपुढे. मशीन माझा अंगठा ओळखेना, मागे रांग लागली, आणि मी आपली तिथं उभी राहून रडतेय... काहून, ते कुणाला सांगणार!

आम्ही दोघी रेल्वेच्या क्वार्टरातल्या, भिंतीला भिंत लागून. शाळेत एकाच बाकावर. पुढे ती भूल देणारी डॉक्टर झाली आणि मी फायली सरकवायला लागले. लग्न तिनं केलं नाही. आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता घरात घोरणारा कशाला, म्हणायची. पण दुसऱ्यांच्या बायकांकडून उखाणे मात्र वसूल करायची, आणि तेही कुठे, तर ऑपरेशनच्या टेबलावर. सिझेरियनला बाई आली की ही तिच्या उशाशी बसणार, मनगटावर बोटं ठेवणार आणि म्हणणार, “घे नाव.” छत्तीसगढ़ी बाई असली तर तिच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, शेजारी कोण कोण राहतं ते विचारणार. नातेवाईक बाहेर चिडायचे. माझ्या सासूबाईंनी तर भरल्या वऱ्हांड्यात विचारलं होतं, ही डॉक्टरीण आहे की हळदीकुंकवाला आलेली बाई?

माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या वेळी टेबलावर मीच होते. कुंदानं कमरेत सुई दिली, मला निजवलं, उजव्या कुशीखाली चादरीची घडी सारली. पाय जड झाले, मग नाहीसेच झाले. “घे नाव,” ती म्हणाली. मला राग आला, पण पाठ केलेला उखाणा होता, म्हणून सुरू केला. “रायपूरच्या उन्हात तापली माती...” आणि पुढचं येईचना. जांभई आली. पोटातून ढवळून आलं, छताचा दिवा लांब लांब जायला लागला. “कुंदा, मले कसंतरी होऊन राहिलं,” असं म्हणाले म्हणे मी. दंडावरचा पट्टा फुगायचा होता अजून, त्याच्या आधीच तिनं सलाईनच्या नळीत औषध सोडलं होतं. मशीन ओरडलं ते त्यानंतर. दिवा जागेवर आला, आणि थोड्या वेळानं मुक्ता रडली, चांगली खणखणीत.

“आता पुरा कर,” कुंदा म्हणाली. मी म्हटलं, मरून राहिले होते मी अन् तुले उखाणे सुचतात? नाही सांगत जा!

नंतर तिनं समजावलं. त्या सुईनं खालच्या नसा सैल पडतात, रक्त तिकडेच राहतं, वरून पोटातल्या बाळाचा भार मोठ्या नसेवर, त्यासाठी ती चादरीची घडी. आईचा दाब उतरला की बाळाचंही रक्त कमी होतं. अलीकडे तर सुईबरोबरच औषध सुरू करतात, दाब पडायची वाट बघतच नाहीत. मग आता उखाणे कशाला, मी टोमणा मारला. “मशीन मिनिटानं सांगतं,” ती म्हणाली, “बाई त्याच्या आधीच सांगते. फक्त ती बोलत असली पाहिजे.”

दुसरी ओळ मात्र मी दिली नाही. आधी रागानं, मग खोडीनं. मुक्ताचा वाढदिवस असो की आंबेडकर जयंती, ही दारातूनच विचारायची, “झाला का पुरा?” ओळ काही मोठी नव्हती. ‘विलासरावांचं नाव घेते, हिरवा चुडा हाती’, चारचौघी घेतात तशीच. पण ती बाकी होती म्हणून कुंदा येत होती, असं मला वाटायचं. खुळेपणाच तो, ती तशीही आलीच असती.

शेवटी भेटले तेव्हा ती पलंगाला खिळलेली, आवाज पार बसलेला. “सांगून टाक आता,” म्हणाली. मी म्हटलं, मुक्ताच्या लग्नात सांगीन. “हव,” एवढंच म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. मी तिचं मनगट धरलं होतं, पण मला त्यातलं काय कळणार.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली. तिच्या खोलीत गेले. खाटेवर तिची चादर घडी करून ठेवलेली, टेबलावर बाईच्या कुशीखाली सरकवावी तशी लांबट, घट्ट. घरच्यांना सवय तिनंच लावलेली. मी उशाशी बसले, चादरीवर हात ठेवला. चुड्याची ओळ ओठांवर आली होती, ती मागे सारली आणि मोठ्यानं म्हटलं, कारण हळू म्हटलेला उखाणा तिला चालत नसे:

“रायपूरच्या उन्हात तापली माती,
कुंदाचं नाव घेते, नाडी तिच्या हाती.”