आतल्या टेबलावरच्या विमलताई

आमच्या बँकेच्या रांगेत विमलताईंचा धाकटा भाऊ दिसला तेव्हा मला वाटलं, पैसे काढायला आला असेल. पण रांग सोडून तो थेट माझ्या टेबलाशी आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "सुरेशदादा, ताई गेली. सकाळी शाळेला जायची साडी नेसली, चहा घेतला, खुर्चीत बसली ती बसलीच…" मी तसाच त्याच्याबरोबर निघालो. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या नव्या घरासमोर शाळेतल्या मुली, त्यांच्या जुन्या वसाहतीतली माणसं आणि आमच्या बुद्धिबळ क्लबातले झाडून सगळे जमले होते. त्रिशरण म्हटलं गेलं तेव्हा क्लबातले आम्ही मागच्या बाजूला हात जोडून उभे होतो. पन्नाशीही नीट उलटली नव्हती त्यांची. याला आता काही आठवडे झाले. शोकसभेत त्यांच्याविषयी बोलताना सगळ्यांनी "प्रेमळ शिक्षिका" असा उल्लेख केला, आणि मला राहून राहून हसू येत होतं. विमलताई चांगल्या होत्या, सरळ होत्या, पण प्रेमळ…? गणितात मार्क कमी पडलेल्या मुलीच्या आईला त्या दारातूनच "तिला घरी भांडी घासायला लावू नका, वही घासायला लावा" असं सुनावायच्या. डाव हरल्या की दुसऱ्या दिवशीही धड बोलायच्या नाहीत. हे सगळं गाळून त्यांची आठवण काढली तर त्या वरून मला रागावतील.

सत्तरच्या दशकात आमचा क्लब रविवार कारंजाजवळ एका दुकानाच्या माडीवर भरायचा. बाहेरच्या खोलीत डाव मांडलेले असत आणि आतल्या छोट्या खोलीत एक मोठं टेबल. खरा क्लब त्या आतल्या टेबलावर होता. स्पर्धेतला डाव संपला की दोघं खेळाडू पट घेऊन आत जायचे, चहा यायचा, आणि कोण कुठे चुकलं, कुठे वाचता आलं असतं यावर तावातावाने चर्चा चालायची. तिथे बसून माणूस जेवढं शिकायचा तेवढं खेळून शिकत नसे. विमलताई क्लबात आल्या त्या वडिलांचं बोट धरून नव्हे, एकट्या आल्या. नाव लिहायला सांगितलं आणि पहिल्याच स्पर्धेत क्लबाच्या चिटणीसांना हरवलं. वडील पोस्टात होते, त्यांनीच मेणकापडाच्या पटावर मुलीला खेळ शिकवला होता. वर्गणी घ्यायला, खेळू द्यायला क्लबाची काहीच हरकत नव्हती. पण डाव संपला की आतल्या टेबलाकडे निघालेल्या विमलताईंना अप्पा अगदी गोड आवाजात म्हणायचे, "बाई, तुमचा झाला ना डाव? निघा आता, घरी वाट बघत असतील."

हे अप्पा म्हणजे आमचे सराफ बाजारातले कुलथे अप्पा, क्लबाचे वर्षानुवर्षांचे विजेते. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी एकदा म्हटलं की बाकीचेही चपला घालायला वाट करून द्यायचे, आणि मग विमलताईंच्या डावाची चिरफाड विमलताईंशिवाय व्हायची. एकदा जिना उतरताना मी त्यांना विचारलं, "ताई, तुम्हाला राग नाही येत?" त्या म्हणाल्या, "येतो. मी बाई म्हणून येऊ देत नाहीत की आमच्या वस्तीतली म्हणून, ते मी शोधत बसत नाही. शोधलं तर खेळावरचं लक्ष उडेल. आणि माझं लक्ष उडावं, इतकी काही ती माणसं मोठी नाहीत." आणि तरातरा निघून गेल्या.

मग ती स्पर्धा आली, जिच्यातून जळगावला जाणारा चौघांचा संघ निवडायचा होता. शेवटच्या फेरीत विमलताई विरुद्ध अप्पा. अप्पांचं पहिलं स्थान पक्कं होतं. विमलताईंना बरोबरी साधली तरी संघातली चौथी जागा मिळणार होती, हरल्या तर नाही. शनिवारी संध्याकाळी वेळ संपली तेव्हा डाव अर्धवट राहिला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे अप्पांनी आपली पुढची खेळी कागदावर लिहून लिफाफ्यात बंद केली आणि चिटणीसांकडे दिली. उरलेला डाव रविवारी दुपारी. पटावर अप्पांचा एक उंट आणि दोन प्यादी होती, एक अगदी कडेच्या पट्टीतलं, एक मधलं. विमलताईंकडे राजा सोडला तर फक्त एक घोडा. आतल्या टेबलावर लगेच निकाल लागला: बाई गेल्या.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनीच बोलावलं होतं. मला वाटलं, मदत करायची आहे. त्यांनी पट मांडला आणि म्हणाल्या, "तू अप्पा हो. मला हरव." आई शेजारी मेथी निवडत होत्या, वडील पेपर पुढे धरून पटाकडे बघत होते. मी हरवलं. पुन्हा मांडला, पुन्हा हरवलं. त्या घोडा इकडून तिकडे नाचवून प्यादी अडवत होत्या आणि मी सावकाश पुढे सरकत होतो. शेवटी त्यांनी घोडा उचलला, तळहातावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. आई म्हणाल्या, "विमल, भाकरी खाऊन घे." त्यांना ऐकूच गेलं नाही. मग एकदम म्हणाल्या, "हा मला आवडतो म्हणून मी हरतेय. याला वाचवायचंच कशाला?"

बुद्धिबळ न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. कडेचं प्यादं ज्या कोपऱ्यातल्या घरात पोचून वजीर होणार, ते घर उंट चालतो त्या रंगाचं नसेल, तर त्या कोपऱ्यात जाऊन बसलेल्या राजाला कुणी हुसकू शकत नाही. डाव बरोबरीत सुटतो. अप्पांचा उंट नेमका तसाच, दुसऱ्या रंगाचा होता. म्हणजे विमलताईंना मधलं प्यादं संपवायचं होतं, मग त्यासाठी घोडा गेला तरी चालेल. उरलेला एकटा राजा कोपऱ्यात पोचला की झालं. आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलं. एकाच वाटेने मला तरीही जिंकता येत होतं: अप्पांनी लिफाफ्यात मधलं प्यादं पुढे ढकलण्याऐवजी आधी राजा त्याच्या शेजारी आणला असेल तर. विमलताई म्हणाल्या, "तसं असेल तर हरेन. पण नसेल तर आता मला कुणी हरवू शकत नाही."

दुपारी माडीवर गर्दी होती. चिटणीसांनी लिफाफा फोडला. खेळी मधल्या प्याद्याची होती. विमलताईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. काही खेळ्यांनी त्यांनी घोड्याने मधलं प्यादं मारलं आणि मागून कुणीतरी च्यक् केलं. अप्पांनी घोडा चटकन उचलला, हसले आणि कडेचं प्यादं पुढे सरकवलं. विमलताईंचा राजा कोपऱ्याकडे चालू लागला. अप्पांचा हात पटावर आला, आणि तसाच थांबला. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, उंटाकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. तरी ते मानी गृहस्थ बराच वेळ खेळत राहिले. राजा कोपऱ्यातल्या घरात गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. अखेर अप्पांनी पटावरून हात पुढे केला. "बरोबरी."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे अप्पांकडे बघत होते. अप्पा उठले, पट उचलला, आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि मागे वळून म्हणाले, "बाई, येताय ना? मला समजलं पाहिजे हे." विमलताई आत गेल्या. अप्पांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "कुठे चुकलो मी?" त्यांनी विचारलं. "आज नाही चुकलात," विमलताई म्हणाल्या, "काल चुकलात. लिफाफ्यात." आणि त्यांनी सोंगट्या मांडून, आपल्यालाच हरवणारी ती राजाची खेळी अप्पांना दाखवली. ती दाखवायची काही गरज नव्हती, ती कुणालाही सुचली नव्हती. अप्पा पटाकडे बघत राहिले आणि मग मोठ्याने हसत म्हणाले, "अरे, बाईंना चहा सांगा रे कुणीतरी!" त्या दिवशी मी तिथे होतो, त्यांचा मित्र म्हणून होतो, याचा मला आजही अभिमान वाटतो.

जळगावला त्या गेल्या, जिंकून आल्या. पुढे ऐंशीच्या दशकात क्लब जागा बदलत राहिला, अप्पा थकले, आणि आतलं टेबल हळूहळू विमलताईंचं झालं. काशिनाथ नावाचा एक शेतकरी वणीहून एसटीने खेळायला यायचा. हरला की टोपी उचलून गुपचूप निघायचा. एकदा विमलताईंनी त्याला दारात गाठलं. "कुठे निघालात?"

"लय बेकार खेळलो बाई. आता काय बोलायचं?"

"बेकार कुठे झालं, ते तुम्हीच सांगायचं. डाव तुमचाही आहे. बसा. आधी तुम्ही बोला, जिंकलेला नंतर बोलेल."

काशिनाथ बसला, बोलला, आणि त्यानंतर तो हरला तरी शेवटची एसटी गाठायची वेळ होईपर्यंत हलायचा नाही. तेव्हापासून आमच्याकडे तीच रीत पडली. फलकावर कुठे लिहिलेली नाही. नव्या माणसाला ती कुणी समजावूनही सांगत नाही.

मागच्या रविवारी क्लबात गेलो. विमलताई गेल्यानंतर पहिल्यांदाच. एका निवृत्त तहसीलदारांना शाळकरी मुलीने हरवलं होतं. दोघं पट घेऊन आतल्या टेबलाशी आले. मुलीला काहीतरी सांगायची घाई झाली होती, ओठ हलायला लागले होते. पण तिने सोंगट्या मांडल्या, हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत म्हणाली, "काका… आधी तुम्ही."