वरच्या थरातली बकरी

त्या दुपारी जळगाव-धुळे बसमध्ये इतकं ऊन शिरलं होतं, की कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडायला हवं होतं. माझ्या शेजारचा गृहस्थ मांडीवर बकरीचं पिल्लू घेऊन त्याला उपरण्यानं वारा घालत होता. विहीर आटली म्हणून त्यानं केळीची बाग मोडली, बाजरीसाठी रान मोकळं केलं आणि बकऱ्या आणल्या. बायको रागावून देवपूरला माहेरी गेली. तिला आणायला हा निघाला होता.

सगळी बस ऐकेल अशा आवाजात तो तिला फोनवर पटवत होता, "गावनी टेकडी खंदी ना, त्या पुरातत्त्ववाल्या मॅडमनी माले दखाडं! खालना थरमा गहू, वरना थरमा भरड धान्य नि बकऱ्यास्ना हाडकं. पाऊस कमी व्हयना तवा जुना लोकेस्नी बी हाईच कयं. मी एकटाच येडा नई शे!"

स्पीकर बंद होता, तरी तिचं उत्तर मागच्या बाकापर्यंत पोचलं, "मंग त्यास्न्या बायका माहेर गयात का नई, ते कोनता थरमा शे?"

बसमधल्या सगळ्या नवऱ्यांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं.

देवपूरच्या थांब्यावर ती उभीच होती. नवऱ्याकडे न बघता तिनं पिल्लू हिसकावून पदराखाली घेतलं. "मुकं जनावर एवढा उनमा आनं! अक्कल शे का तुम्हले?"

तिच्या दुसऱ्या हातात कपड्यांची भरलेली पिशवी होती. ती तरातरा समोरच्या परतीच्या गाडीत जाऊन बसली.

असले समेट टेकडीवरच्या त्या जुन्या लोकांतही झाले असतील. मातीत मात्र बकरीचं हाडूकच तेवढं उरतं.